बेस वाजवणाऱ्याला कोण विचारतं?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी 'पिस्टल' या मालिकेबद्दल आहेत. डॅनी बॉईल यांनी दिग्दर्शित केलेली ही सहा भागांची मालिका २०२२ साली आली. 'सेक्स पिस्टल्स' हा लंडनचा पंक, म्हणजे रांगड्या, बंडखोर रॉक संगीताचा, बँड कसा उभा राहिला, कसा गाजला आणि कसा फुटला, याची ही गोष्ट गिटारवाल्या स्टीव्ह जोन्सच्या आत्मचरित्रावर बेतलेली आहे. पत्रलेखकांची नावं त्यांच्याच विनंतीवरून छापलेली नाहीत.

प्रश्न : ताई, आम्ही चौघं डिग्रीच्या शेवटच्या वर्षाला आहोत. 'पिस्टल' बघून बँड काढायचं ठरवलंय. त्या पोरांना वाजवता येत नव्हतं, तरी त्यांनी जग हलवलं. मग आम्ही क्लास कशाला लावायचा? तीन कॉर्ड पुरेत का? घरचे म्हणतात, कसलं ओ हे, नुसता दंगा.
— विद्यार्थी, खानापूर

उत्तर : तीन कॉर्ड, म्हणजे एकत्र छेडलेल्या सुरांचे तीन गट, पुरतात. पण 'त्यांना वाजवता येत नव्हतं' हे मनातून काढून टाका. या बँडबद्दल सगळ्यात जास्त पसरलेली आणि सगळ्यात चुकीची गोष्ट तीच आहे.

स्टीव्ह जोन्स आधी गायक होता. गिटार त्याच्या हातात उशिरा आली आणि मग तो तिच्यामागे हात धुऊन लागला. पॉल कुक ड्रमवर. तो दारूच्या भट्टीत, म्हणजे मोठ्या ब्रुअरीत, इलेक्ट्रिशियनचं काम शिकत होता. मालिका बघताना त्याच्याकडे नीट बघा. बाकी सगळे आरडाओरडा करत असतात आणि हा खाली मान घालून ठेका धरून असतो. तो ठेका हलला असता तर बाकीच्यांचा आरडाओरडा कुणी ऐकून घेतला नसता.

आणि बेसवर, म्हणजे खालचे जाड सूर वाजवणाऱ्या गिटारवर, ग्लेन मॅटलॉक. इथे मी जरा रेंगाळणार, कारण मी स्वतः बेसवाली. लग्नसराईत बेळगाव ते निपाणी ऑर्केस्ट्रात वाजवत फिरले. एकदा वडगावच्या एका हळदीत माझ्या गिटारची पिन सैल होऊन आवाज गेला. नाचणारी मंडळी दोन ओळींत थंडावली. कुणी गायकाकडे बघतंय, कुणी कीबोर्डवाल्याकडे, माझ्याकडे एकही नजर नाही. पिन घट्ट बसवली आणि सगळे पुन्हा नाचायला लागले. बेस असा असतो.

मॅटलॉक आर्ट कॉलेजचा विद्यार्थी. मॅनेजर माल्कम मॅक्लारेनच्या कपड्यांच्या दुकानात शनिवारी कामाला असायचा. बँडचा पहिला कार्यक्रम ६ नोव्हेंबर १९७५ ला झाला तो याच्याच कॉलेजात. त्याला चाली सुचायच्या. 'प्रिटी व्हेकंट' या गाण्याची सुरुवातीची धून आपल्याला 'आबा' या स्वीडिश बँडच्या गाण्यावरून सुचली, असं त्यानेच सांगितलंय. आबा म्हणजे गोड, नटवलेलं, घरोघरी वाजणारं पॉप. पंकच्या पोटात ते आहे, कारण मॅटलॉकने कान उघडे ठेवले होते. १९७७ च्या फेब्रुवारीत तो बँडमधून गेला आणि त्याच्या जागी सिड व्हिशस आला. सिडला बेस जेमतेम वाजवता यायचा. मग त्या वर्षी ऑक्टोबरात आलेल्या अल्बमवर बेस वाजवला कुणी? बहुतेक गाण्यांत स्टीव्ह जोन्सने, गिटार सांभाळून. शिवाय एकावर एक गिटारचे थर रेकॉर्ड करून त्याने आवाजाची भिंत उभी केली. निर्माता होता ख्रिस थॉमस. गायक जॉन लायडन 'आय हेट पिंक फ्लॉइड' लिहिलेला शर्ट घालून फिरायचा, आणि त्याच पिंक फ्लॉइडच्या १९७३ च्या सुप्रसिद्ध अल्बमच्या मिक्सिंगवर, म्हणजे वेगवेगळे रेकॉर्ड केलेले आवाज एकत्र जुळवण्यावर, या ख्रिस थॉमसची देखरेख होती. नवशिक्यांचा गोंधळ म्हणून जे खपवलं जातं, त्यात इतकं काम आहे.

आता तुमच्या तीन कॉर्डबद्दल. पंकमध्ये वाजते ती पॉवर कॉर्ड, म्हणजे आपला षड्ज आणि पंचम, बस्स. मधला गंधार काढून टाकलेला. तानपुऱ्यावर सा-प ऐकत वाढलेल्या आपल्या कानांना ही जोडी नवी नाही. गंधार नसला की ॲम्पचा डिस्टॉर्शन, म्हणजे आवाजाचा खरखरीतपणा, कितीही वाढवा, सूर एकमेकांत चिरडत नाहीत, आवाज भरीव राहतो. तर्जनीने सा दाबा, अनामिकेने प दाबा, बाकीच्या तारांना बोटं नुसती टेकवून त्या मुक्या करा. उजव्या हाताने फक्त खालच्या दिशेचे ठोके. चार मिनिटं न थांबता, एकाच जोराने. मनगट भरून येईल. ते जमलं की पुढचं बोलू. क्लास लावा किंवा नका लावू, पण हे चुकवू नका. मालिकेतल्या नटांनीही हे चुकवलेलं नाही. गाणी त्यांनी स्वतः सेटवर वाजवलेली आहेत.

ड्रमवाला आधी शोधा. आपल्याकडे तो शोधायला लांब जावं लागत नाही. गणपतीत, शिवजयंतीच्या मिरवणुकीत झांजपथकात ढोल वाजवणारा, तासन् तास लय न सोडणारा पोरगा प्रत्येक गल्लीत आहे. त्याला विचारा. सरावाला गावाबाहेरची एखादी बंद भातगिरणी मिळाली तर सोनं. घरच्यांना दंगा वाटतो त्याचं मला वाईट वाटत नाही. चौघं एकदम थांबायला शिका. एकाच ठोक्याला चौघं थांबलेले ऐकले की घरचेही जरा वेगळ्या नजरेने बघतील.

प्रश्न : माझा मुलगा सोळा वर्षांचा. ही मालिका चोरून बघतो. शिव्या, नशा, सगळं आहे म्हणे. खोलीत त्या सिडचा फोटो लावलाय. बंद करू का?
— एक आई, निपाणी

उत्तर : वहिनी, मालिका मोठ्यांसाठीच आहे. हेरॉइन आहे, मारामारी आहे, जोन्सच्या लहानपणी सावत्र बापाने केलेला छळ आहे. सोळा वर्षांच्या मुलाने एकट्याने बघावी असं मला वाटत नाही. पण फोटो फाडू नका. त्याच्याशेजारी बसून शेवटचे भाग बघा. सिडची मैत्रीण नॅन्सी १९७८ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या हॉटेलात चाकूच्या वाराने मेली, खुनाचा आरोप सिडवर आला, आणि खटला उभा राहायच्या आत २ फेब्रुवारी १९७९ ला हेरॉइनच्या अतिसेवनाने तोही गेला. तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. तुमच्या मुलाहून पाच वर्षांनी मोठा. टी-शर्टवर आज त्याचं तोंड छापतात, चाली बांधणाऱ्या मॅटलॉकचं कुणी छापत नाही. याचा मला मनापासून राग येतो आणि तो मी तुमच्या मुलापुढेही बोलून दाखवीन. त्याला माझ्याकडे पाठवा. बेस हातात देते.

प्रश्न : पंक इंग्रजीतच शोभतं का? आमच्या बोलीत कानडी शब्द येतात, पुण्याची मित्रमंडळी हसतात.
— तरुणी, शहापूर, बेळगाव

उत्तर : लायडन आयरिश स्थलांतरितांचा मुलगा, उत्तर लंडनमध्ये वाढलेला. त्या काळी इंग्लंडमधले रॉक गायक सर्रास अमेरिकन ढंगात गायचे. हा आपल्या गल्लीच्या हेलात गायला. तू भाजीवाल्याशी, कंडक्टरशी जशी भांडतेस तशी गा. कानडी शब्द येतात तर येऊ देत.

प्रश्न : लायडनचा विरोध असताना मालिकेत गाणी वापरली कशी?
— वकिलीचा विद्यार्थी, बेळगाव

उत्तर : १९९८ साली बँडच्या सदस्यांत करार झाला होता, की अशा परवानग्या बहुमताने द्यायच्या. लायडन अडून बसला तेव्हा जोन्स आणि कुक लंडनच्या हायकोर्टात गेले. ऑगस्ट २०२१ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. लायडनचं दुःख मला कळतं. स्वतःचे शब्द आपल्या मर्जीविरुद्ध पडद्यावर ऐकणं सोपं नाही. पण कागद स्पष्ट होता. खानापूरच्या पोरांनो, हे तुम्हीही वाचा. या बँडने सुरुवातीच्या गाण्यांवर चौघांचीही नावं घातली होती, ड्रमवाल्याचंसुद्धा. तुम्हीही पहिलं गाणं बांधून झालं की त्याच आठवड्यात कुणाचा किती वाटा ते लिहून काढा, चौघं सह्या करा, तारीख घाला आणि प्रत्येकाने एकेक प्रत घरी ठेवा.