गुमटीवरचे 4,860 रुपये

प्रश्न: वय 43. इंदूरला लोकमान्य नगरात राहतो, सियागंजात एका पेढीवर हिशेब पाहतो. वीस वर्षं सिगरेट ओढतोय. पाकीट घेत नाही, गुमटीवर चहाबरोबर सुटी घेतो, म्हणून खर्च कधी जाणवला नाही. परवा बायकोने माझ्या फोनवर यूपीआयचे व्यवहार तपासून महिन्याभराचे सिगरेटचे 4,860 रुपये काढून दाखवले. दिवसाला नऊ होतात, एक 18 रुपयांची. एकदम सुटणार नाही. दोनवर आणल्या तर चालेल ना?

उत्तर: जगाचे हिशेब तुम्ही लिहिता आणि तुमचा वहिनींनी काढला!

दोनवर आलात तर वर्षाला 45 हजारांच्या वर वाचतील, हे खरं. पण हृदय या हिशेबाने चालत नाही. रोज वीस ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जो जादा धोका असतो, त्यातला जवळपास निम्मा रोज एकच ओढणाऱ्यालाही असतो. थोडा धूरही रक्त गोठायला आणि रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडायला पुरतो. शिवाय त्या दोन तुम्ही कशा ओढाल, ते मला माहीत आहे. मेडिकलला असताना मी वीसवरून तीनवर आलो होतो. तिसरी बोटाला चटका बसेपर्यंत ओढायचो, आणि दीड महिन्यात परत दहावर. समोर फुफ्फुसांचं पुस्तक उघडं! असो.

तारीख ठरवून पूर्ण सोडा. एक-दोन दिवसांत रक्तातला कार्बन मोनॉक्साइड उतरतो. वर्षभरात हृदयविकाराचा तो जादा धोका साधारण अर्ध्यावर येतो. तलफ आली की काही मिनिटं काढायची असतात, तेवढ्यासाठी निकोटिनचं च्युइंगगम. मात्रा डॉक्टरांना विचारून घ्या. बहुतेक लोक ते सुपारीसारखं चघळत सुटतात, मग उचकी लागते, मळमळतं आणि ‘मला सोसत नाही’ म्हणून फेकून देतात. हळूहळू चावा, तोंडात चुणचुणलं की गालात दाबून ठेवा, चुणचुण ओसरली की पुन्हा चावा. आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा नको, नाहीतर निकोटिन नीट शोषलं जात नाही. इंदुरी माणसाला हे जड जाणार, पण चहा बंद करा म्हणत नाहीये. पोह्यांनंतरचा चहा काही दिवस घरीच घ्या.

टर्म विमा काढणार असाल तर अर्जात सिगरेट लपवू नका. तपासणीत निकोटिनचा अंश सापडतो, आणि खोटं लिहिलेलं उघडं पडलं तर घरच्यांचा दावा अडकू शकतो. ओढणाऱ्याला हप्ता जास्त पडतो. तोही त्या 4,860 मध्ये धरा.

आणि 1800-11-2356 ही सरकारची फुकट फोनसेवा आहे, सोडायला मदत करतात. नंबर पाकिटावर छापलेला असतो. तुम्ही सुटी घेता, म्हणून कधी दिसला नसेल.