वाँडरर्सचे सामने ४ की ६? (१९१७-१८ च्या मोसमाबद्दल, जरा सविस्तर)

तुम्ही मंडळाच्या दिवाळी अंकासाठी एनएचएलच्या (उत्तर अमेरिकेतल्या बर्फावरच्या हॉकीच्या लीगच्या) पहिल्या मोसमावर लेख लिहिताय आणि मॉन्ट्रियल वाँडरर्स ह्या संघापाशी अडलाय. एका ठिकाणी ४ सामने, दुसरीकडे ६. पराभव कुठे ३, कुठे ५. गोल मात्र सगळीकडे तेच, १७ केले आणि ३५ खाल्ले. खुलाशासाठी एका कार्यालयाला पत्र टाकून तुम्ही उत्तराची वाट बघताय, हे वाचलं आणि राहवलं नाही. मी मॉन्ट्रियलला असताना ह्याच भानगडीत अख्खा हिवाळा घालवलाय. (मी इतिहासकार नाही, निव्वळ हौशी. जाणकारांनी चुका जरूर काढाव्यात.)

दोन्ही आकडे बरोबर आहेत. बर्फावर खेळले ४, खात्यावर मांडले ६.

खेळलेले चार असे. १९ डिसेंबर १९१७ ला घरच्या मैदानावर टोरोंटोला १०-९ हरवलं. २२ ला कॅनेडियन्सकडून (मॉन्ट्रियलचाच दुसरा संघ) ११-२ मार खाल्ला, २६ ला ओटावाने ६-३ हरवलं आणि २९ ला पुन्हा ओटावानेच ९-२. बेरीज करून बघा, १७ आणि ३५ बरोबर येतात. २ जानेवारी १९१८ ला वेस्टमाउंटचा अरीना, म्हणजे वाँडरर्सचं घरचं मैदान, जळाला. ४ तारखेला वाँडरर्सनी लीग सोडली. २ जानेवारीला कॅनेडियन्सशी आणि ५ ला टोरोंटोशी ठरलेले सामने झालेच नाहीत, पण दोन्ही प्रतिस्पर्ध्यांना पुढे चाल (न खेळताच विजय) मिळाली आणि वाँडरर्सच्या नावावर दोन पराभव चढले. म्हणून १ विजय, ५ पराभव.

आता ज्याकडे कोणी लक्ष देत नाही ते सांगतो. हा घोळ वाँडरर्सपुरता नाही. कॅनेडियन्स आणि टोरोंटो दोघांच्या नावापुढे २२ सामने, १३ विजय, ९ पराभव दिसतात. प्रत्यक्षात दोघेही २१ च खेळले. पूर्ण २२ खेळला तो एकटा ओटावा. त्यामुळे कॅनेडियन्सच्या ११५ गोलांना २२ ने भागलंत तर सरासरी ५.२३ येते, २१ ने भागलंत तर ५.४८. चारही संघांचे मिळून ३४२ गोल आहेत, तेही ३४ सामन्यांतले, ३६ नव्हे. म्हणजे सामन्याला दहाच्या किंचित वर. तुमच्या कोष्टकात साडेनऊ आलंय ते ह्याचमुळे.

पुढे चालीने क्रमवारी बदलली का, असंही तुम्ही विचारलंय. नाही. मोसम दोन टप्प्यांचा होता आणि दोन्ही टप्प्यांचे विजेते शेवटी एकमेकांशी भिडायचे. पहिल्या टप्प्यात कॅनेडियन्स १०-४ (विजय-पराभव) आणि टोरोंटो ८-६ होते. दोघांचा एकेक फुकटचा विजय काढला तरी ९-४ आणि ७-६, कॅनेडियन्स वरच. दुसरा टप्पा टोरोंटोने ५-३ ने घेतला, मग दोन सामन्यांच्या एकत्रित गोलांवर कॅनेडियन्सना १०-७ ने काढलं आणि पश्चिमेकडच्या लीगच्या विजेत्या व्हँकुव्हरला ३-२ सामन्यांनी हरवून स्टॅनली कप (हॉकीतला सर्वोच्च चषक) नेला. हे तुम्हाला माहीत असणारच.

आता त्या कार्यालयाबद्दल. नाव घेत नाही, तुमचं आणि माझं एकच आहे का तेही विचारत नाही. मी साधी विनंती केली होती: २ जानेवारीच्या सामन्याची मूळ नोंद दाखवा किंवा नाही म्हणून कळवा. आधी फॉर्म आला. भरून पाठवला तर तो चुकीच्या विभागाचा निघाला. दुसरा फॉर्म, त्याची आगाऊ फी, मग नुसती शांतता. शेवटी लिफाफा आला. आत काय, तर हल्लीच्या एका छापील आकडेवारीच्या पानाची झेरॉक्स! ६ सामने, १ विजय, ५ पराभव. तेच कोष्टक माझ्या टेबलावर आधीपासून पडलं होतं, त्यावरूनच तर प्रश्न पडला होता. उलट विचारलं तर एका ओळीत उत्तर आलं की नोंद अधिकृत आहे. अहो, अधिकृत आहे हे मान्यच आहे, पण सामना झाला की नाही ते सांगा ना! तोवर माझा लेख ज्या अंकात जायचा होता तो छापून वाटूनही झाला होता. फी गेली त्याचं काही नाही, हिवाळा गेला त्याचं वाईट वाटतं. तुमचा अनुभव वेगळा असेल तर आनंदच आहे, पण माझं ऐकाल तर वाट बघू नका.

त्याऐवजी त्या वेळची वर्तमानपत्रं उघडा. मॉन्ट्रियल गॅझेट आणि फ्रेंचमधलं ला प्रेस, दोन्ही स्कॅन होऊन घरबसल्या बघता येतात. सामने रात्रीचे, म्हणून बातमी त्यानंतरच्या अंकात शोधायची. फ्रेंच येत नसलं तरी गोलांची यादी कळते, त्याला भाषा लागत नाही. शोधखिडकीवर विसंबू नका, जुना छापा मशीनला नीट वाचता येत नाही. पान पान उलटा. आणि असिस्ट (गोल होण्याआधीचे पास) मोजायच्या फंदात पडू नका, त्या मोसमात लीग अधिकृतपणे असिस्ट लिहीतच नव्हती.

१०-९ ही छपाईची चूक वाटली असेल तर तसं नाही. त्या रात्री वाँडरर्सच्या हॅरी हायलंडने एकट्याने पाच गोल मारले, त्यांच्याच डेव्ह रिचीने पहिल्याच मिनिटाला खातं उघडलं, आणि टोरोंटोने सॅमी हेबर्ट व आर्ट ब्रूक्स असे दोन गोलरक्षक वापरूनही दहा खाल्ले. तोवर गोलरक्षकाने बर्फावर लोळून चेंडू अडवणं (चेंडू कसला, पक, म्हणजे रबरी चकती, जुनी सवय) नियमाबाहेर होतं. ती मुभा जानेवारीत मिळाली, वाँडरर्स गेल्यावर. प्रेक्षक जेमतेम ७०० होते, आणि गणवेशातल्या सैनिकांना फुकट प्रवेश ठेवूनही ही गत. युद्ध चालू होतं हे लेखात एका ओळीत तरी येऊ द्या.

आता माझं मत, पटलं नाही तर सोडून द्या. 'आगीने वाँडरर्सना संपवलं' असं सरसकट लिहू नका. आग एकट्या वाँडरर्सना लागली नव्हती, कॅनेडियन्सचंही घर तेच होतं. ते ज्युबिली रिंकवर (दुसऱ्या बर्फाच्या मैदानावर) गेले आणि मोसम पुरा केला. वाँडरर्सनाही हॅमिल्टनने जागा देऊ केली होती, मालक सॅम लिख्टेनहाइन यांनी नाकारली. खेळाडू द्या नाहीतर निघतो, ही त्यांची धमकी आगीच्या आधीचीच. क्विबेकचा संघ त्या वर्षी उतरला नाही, त्याचे खेळाडू वाटले गेले, तेव्हा जो मलोन हाताशी होता. वाँडरर्सनी त्याला घेतलं नाही. तो कॅनेडियन्सकडे गेला आणि २० सामन्यांत ४४ गोल मारून बसला. आग ही ह्या सगळ्यावर आली. चार वेळा स्टॅनली कप जिंकलेला (१९०६, ०७, ०८, १०) संघ, कर्णधार-प्रशिक्षक आर्ट रॉससारखा माणूस, आणि मैदानात उतरून जेमतेम दोन आठवड्यांत गाशा गुंडाळला. मला तरी मालकाची जबाबदारी मोठी वाटते. आणि एक गंमत: २ जानेवारीला रिंक दोघांचीही गेली होती, पण पराभव फक्त एकाच्या नावावर लागला.

कोष्टकात सामन्यांच्या रकान्यात ४ लिहा, विजय १, पराभव ३, आणि तारांकित टीप द्या: 'शिवाय प्रतिस्पर्ध्यांना दोन वेळा पुढे चाल, अधिकृत नोंद १-५.' कॅनेडियन्स आणि टोरोंटोलाही तशीच टीप हवी, नाहीतर बेरीज पुन्हा बोंबलेल. संपादक जागा नाही म्हणून टिपा कापायला निघतील. तेव्हा वाटल्यास हायलंडचा फोटो कापायला सांगा, टिपा नको.