पालुपद की झील?

प्रश्न असा आहे: जुन्या इंग्रजी गाण्यांत मागचे गायक ‘शा ना ना ना’, ‘यिप यिप यिप’ असलं काहीतरी गात असतात, त्याला मराठीत ‘पालुपद’ म्हणावं का?

माझ्या मते नाही. पालुपदाला अर्थ असतो. कडवं संपलं की गाणं फिरून ज्या ओळीवर येतं ती ओळ म्हणजे पालुपद. नुसत्या अक्षरांचा ठेका धरायला आपल्याकडे वेगळा शब्द आहे, झील. शाहीर पोवाडा गातो तेव्हा मागचे झीलकरी ‘जी जी रं जी’ म्हणतात, ती झील. तिला अर्थ विचारायचा नसतो. (तराण्यातले ‘तनन देरेना’ही निरर्थकच, पण तिथे ती अक्षरं मुख्य गायकाच्याच तोंडी असतात, म्हणून तो शब्द इथे बसत नाही.)

प्रश्नातली ही अक्षरं ज्या गाण्यामुळे गाजली त्यात दोन्ही प्रकार शेजारी-शेजारी ऐकू येतात. फिलाडेल्फियाच्या ‘द सिल्हूट्स’ या चौघा कृष्णवर्णीय गायकांचं ‘गेट अ जॉब’. त्यातला रिचर्ड लुईस लष्करातून घरी परतला आणि कामाला जाईना, तेव्हा आईने सुनावलं, ‘नोकरी बघ!’ गाणं निघालं ते तिथून. गाण्यातला बिचारा रोज सकाळी वर्तमानपत्रातल्या जाहिराती चाळतो, तरी घरचे म्हणतात, हा शोधतच नाही, थापा मारतो. आता आपण बोलताना ‘तिचं आपलं एकच पालुपद’ म्हणतो ना, तसं ‘गेट अ जॉब’ हे दोन्ही अर्थांनी पालुपद: गाण्याचं आणि आईचंही! ‘शा ना ना’ ही मात्र झील.

ध्वनिमुद्रण 1957 सालचं. आधी ते एका स्थानिक छोट्या कंपनीने काढलं, मग न्यूयॉर्कच्या ‘एम्बर’ने घेतलं आणि फेब्रुवारी 1958 मध्ये ते अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलं. तेव्हा तिकडे मंदी होती, बेकारी वाढत होती. घरोघरी हेच संवाद चालले असणार. पुढे सिल्हूट्सचं एकही गाणं यादीत चढलं नाही. अशांना इंग्रजीत ‘वन-हिट वंडर’ म्हणतात. मी ‘एकगाणी’ म्हणतो, पटलं तर घ्या.

झील मात्र टिकली. 1969 मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या पोरांनी जुनी गाणी गाणारा एक संच काढला आणि नाव ठेवलं ‘शा ना ना’. त्याच वर्षी ती पोरं वुडस्टॉकच्या गाजलेल्या संगीत महोत्सवात मंचावर गायली.

आणि तमाशातल्या सवाल-जवाबाची आठवण व्हावी अशी एक गंमत. 1958 मध्येच डेट्रॉइटच्या ‘द मिरॅकल्स’ने पहिली तबकडी काढली, ती या गाण्याला जवाब म्हणून. नाव ‘गॉट अ जॉब’. म्हणजे, लागली एकदाची नोकरी!