माणसाचं असणं महत्त्वाचं, आधीच ठरलेलं, की निव्वळ योगायोग?

तुम्ही विचारलंय की माणूस जन्मतो, जगतो, मरतो याला काही मोल आहे का, की सगळं आधीच लिहून ठेवलेलं असतं. आणि सगळा योगायोगच असेल तर मग धडपडायचं कशासाठी. मी बुलढाणा जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी कपाशी-तुरीची शेती करतो. हा प्रश्न घेऊन अठरा वर्षं जगतोय, म्हणून लिहायला बसलो.

आमच्या एकाच जिल्ह्यात तुमच्या प्रश्नाची दोन टोकं आहेत. उत्तरेला भेंडवळ. अक्षय तृतीयेला तिथं शेतात घट मांडतात. मधे खड्डा, त्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं, वर पाण्यानं भरलेली घागर, तिच्यावर पापड, कुरडई, सांडोई, आणि भोवती अठरा धान्यांचं रिंगण. दुसऱ्या दिवशी उजाडताना ढेकळं किती भिजली, कोणता दाणा जागचा हलला हे पाहून पाऊसपाण्याचं भाकीत सांगतात. माझे वडील दरसाल ऐकायला जायचे, अगदी मनापासून. पेरणी मात्र जमीन वीतभर ओली झाल्याशिवाय कधी केली नाही त्यांनी. माणसं नशीब मानतात ती अशी, हे मी घरातच पाहिलं.

दक्षिणेला लोणार. काळ्या पाषाणातलं सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचं विवर. विष्णूनं लोणासुराला मारलं ती ही जागा, अशी कथा आहे आणि दैत्यसूदनाचं देऊळही गावात आहे. विवर झालं ते उल्का आदळून. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे 30 किलोमीटर धावते, म्हणजे स्वतःच्या रुंदीइतकं अंतर तोडायला तिला सात मिनिटं पुरतात. उल्केला तेवढा उशीर झाला असता तर लोणारला आज नुसतं रान असतं.

अशीच, पण कितीतरी मोठी उल्का सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी आजच्या मेक्सिकोच्या किनाऱ्यावर पडली आणि डायनासोर संपले, उरले ते पक्षी. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला डायनासोरचे अवशेष सापडले आहेत, म्हणजे ते इथंही नांदत होते. त्याच सुमारास दख्खनवर लाव्हारसाचे थरावर थर पसरत होते. त्या खडकाची झीज होऊन झालेल्या काळ्या मातीत आम्ही कपाशी लावतो. डायनासोर गेले आणि तोवर बिळाझुडपांत लपून जगणाऱ्या लहान सस्तन प्राण्यांना रान मोकळं झालं. आपण त्यांच्या वंशातले. तिथंही अशीच काही मिनिटं चुकली असती तर हा प्रश्न विचारायला तुम्ही नसता आणि उत्तर लिहायला मी नसतो. म्हणून माणूसजात आधीपासून ठरलेली होती, हे मला पटत नाही.

तुमच्या-माझ्या जन्माचंही तेच. माझी आजी चौऱ्याऐंशी लक्ष योनींच्या फेऱ्याचं सांगायची. आई आणि बाप प्रत्येकी 23 गुणसूत्रं देतात, आणि एकाच माणसाकडून ती 83,88,608 वेगवेगळ्या जुळण्यांनी येऊ शकतात. जवळजवळ चौऱ्याऐंशी लाखच! (हा आकड्यांचा मेळ आहे, जुन्या लोकांना गुणसूत्रं ठाऊक होती असा अर्थ काढू नका.) दुसऱ्याकडूनही तेवढ्याच. त्यातून एक मी झालो, एक माझा धाकटा भाऊ.

तो चौदा वर्षांचा होता. गणपतीचे दिवस. मी भजनाहून उशिरा आलो, तर दाराजवळच्या माझ्या जागी वारा लागतो म्हणून तो झोपलेला. मी त्याच्या वाकळीवर पडलो. पहाटे त्याचं पोट दुखायला लागलं. मायनं ओवा दिला. थोड्या वेळानं पापण्या जड झाल्या, बोलणं बोबडं झालं. मण्यार चावल्याची ही लक्षणं आहेत हे आज मला झोपेतही सांगता येईल. तेव्हा घरात कुणालाच कळलं नाही. मण्यारीचा दात बारीक, दुखतही फारसं नाही. कुणीतरी बाहेरची बाधा म्हणालं आणि आम्ही त्याला शेजारच्या गावी झाडफूक करणाऱ्याकडे नेलं. तिथं तीन तास गेले. 108 ची गाडी तेव्हा नव्हती, महाराष्ट्रात ती 2014 साली आली. तालुक्याच्या रस्त्यावर, जीपमध्ये, माझ्या मांडीवर त्याचा श्वास थांबला.

आजी म्हणाली, "त्याची शिदोरीच तेवढी व्हती, बापू." सगळा गाव तेच म्हणाला. पाचवीला सटवाईनं कपाळावर लिहिलं ते कुणाला चुकलंय? ते मला धीर द्यायला म्हणत होते, आणि मीही कैक वर्षं त्या बोलण्याला धरून राहिलो.

पण त्या बोलण्यात ते तीन तास दिसेनासे होतात.

मी ती रात्र पुन्हा पुन्हा उलगडली. दाराशी ज्वारीची पोती होती, त्यांना उंदीर लागले होते, उंदरांमागं मण्यार आली. तो दाराशी झोपला तो उकाड्यानं. मला उशीर झाला तो भजनानं. प्रत्येक गोष्टीला आपापलं कारण होतं. त्या सगळ्या एकाच वेळी, एकाच जागी याव्यात, याला काही कारण नव्हतं. योगायोग म्हणतात तो एवढाच. आणि पहाटेपासून पुढं जे घडलं ते विधिलिखित नव्हतं, योगायोगही नव्हता. ते आमच्या हातात होतं. मण्यारीच्या विषानं श्वासाचे स्नायू लुळे पडतात. वेळेत सापाच्या विषावरची लस मिळाली आणि कृत्रिम श्वास चालू राहिला तर माणूस वाचतो. हे मान्य करणं नशिबापेक्षा फार जड गेलं. पण ते मान्य केल्यावरच मला पुढं काही करता आलं.

तुम्ही विचारता, माणसाच्या असण्याला महत्त्व आहे का. तारे-ग्रह तुम्हाला मोजायला येणार नाहीत, त्यांच्याकडे उत्तर मागू नका. आमच्या घरी तो गेल्यावर सहा महिने माय भाकरी एक जास्तच थापायची. हात थांबायचाच नाही. ती जास्तीची भाकरी मी रोज पाहिली आहे, त्यामुळं माणूस म्हणजे विश्वातली धूळ असं कुणी म्हणालं की मला राग येतो. चौऱ्याऐंशी लाखांतून एकदाच आलेला तो होता, पुन्हा तो डाव पडायचा नाही. योगायोगानं आला म्हणून त्याचं मोल कमी होत नाही, उलट त्यामुळंच ते मला जास्त वाटतं.

आता रात्री-अपरात्री साप चावल्याचे फोन माझ्याकडे येतात. माझी जुनी मालवाहू गाडी आहे. दोरी आवळायची नाही, चिरा द्यायचा नाही, माणसाला हलू द्यायचं नाही आणि थेट सरकारी दवाखाना, एवढंच मी जाणतो. आजवर अकरा जणांना नेलं. दोघं गेले, नऊ घरी आले.

त्यातली एक पोरगी. पोटदुखी आणि मिटत चाललेल्या पापण्या, अगदी तसंच. पाऊस होता, पुलावर पाणी होतं, तरी पाऊण तासात पोचलो. चौथ्या दिवशी ती घरी आली तेव्हा तिची आजी माझे हात धरून म्हणाली, "पोरीच्या कपाळी जगनं लिहेल होतं, दादा." मी हो म्हणालो. त्या बाईशी मी काय वाद घालणार?

ती पोरगी आता नववीत आहे. परवा तिच्या बापाशी सरकीच्या भावाचं बोलायला संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो होतो. ती आत धाकट्या भावाची खाट भिंतीपासून हातभर पुढं ओढत होती. मग मच्छरदाणीच्या चारी बाजू गादीखाली खोचल्या, आणि एक कोपरा सैल वाटला म्हणून तो काढून पुन्हा खोचला.