टर्बो बसवलेल्या एस्टीमचा पीसीव्ही व्हॉल्व्ह बंद करून टॅपेट कव्हरवर छोटा ब्रीदर फिल्टर लावला तर चालेल का? कॅच कॅन किती लिटरचा घ्यावा?

चालणार नाही. पीसीव्ही व्हॉल्व्ह म्हणजे चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भागात, साठणारा वायू परत इंजिनाच्या हवा घेणाऱ्या पाइपात (मॅनिफोल्डमध्ये) सोडणारी झडप, आणि कॅच कॅन म्हणजे त्या वायूतले तेल अडवणारा डबा. हाच सल्ला २०१४ साली माझ्या मेहुण्यांनी मला दिला होता आणि त्यावरून आमचा वाद अजूनही दिवाळीच्या फराळाला निघतो, म्हणून हे उत्तर जरा लांबणार आहे.

माझी गाडीही मारुती एस्टीमच, १२९८ सीसीची, बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा जादा दाब) ०.४ बार. टर्बो बसवणाऱ्या गॅरेजने पीसीव्हीच्या नळीत बोल्ट घालून ती बुजवली आणि टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या) तोंडाला जेमतेम ८ मिमीची नळी जोडून तिच्या टोकाला अंड्याएवढा फिल्टर लावला. ‘ही भानगड कंपनीवाले प्रदूषणाच्या कायद्यासाठी घालतात, इंजिनाला तिचा काडीचा उपयोग नसतो,’ असे मेहुणे म्हणाले आणि ते वीस वर्षे ट्रक दुरुस्त करत आलेले असल्यामुळे मी मान डोलावली. दोन महिन्यांत गाडी निळा धूर सोडू लागली, तोही चढ चढून थांबल्यावर. गॅरेजवाल्याने सील गेले म्हणून टर्बो दोनदा उघडला. मेहुण्यांनी ‘रिंगा गेल्या, इंजिन बॅक कॉम्प्रेशन मारतंय’ असा निकाल दिला, म्हणजे पिस्टनच्या झिजलेल्या रिंगांमधून वायू खाली चेंबरमध्ये उतरतोय. कॉम्प्रेशन तपासले तर चारही सिलिंडर १७० ते १७५ पीएसआयच्या दरम्यान, म्हणजे रिंगा शाबूत.

शेवटी चेंबरमधला दाब मोजायला मी गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल नळी आणली, तिचे एक टोक डिपस्टिकच्या नळीवर घट्ट बसवले, दुसरे खिडकीतून आत घेतले, मधल्या भागाला इंग्रजी यू अक्षरासारखा बाक देऊन त्यात कुंकू घातलेले पाणी भरले आणि ती धरायला शेजारी मेहुण्यांनाच बसवले. गाडी जागेवर चालू असताना पाणी थोडेसेच हलत होते. पन्हाळ्याच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण अॅक्सिलरेटर दिल्यावर दोन बाजूंच्या पातळीतला फरक ३० सेंमीच्या पुढे गेला आणि सगळे पाणी त्यांच्या पांढऱ्या शर्टावर उडाले. शर्टाचा विषय आमच्याकडे अजून मिटलेला नाही, पण धुराचा मिटला.

टर्बोतले तेल केवळ स्वतःच्या वजनाने चेंबरमध्ये उतरते. चेंबरमध्येच दाब साठला तर ते टर्बोत तुंबते आणि सीलमधून बाहेर पडते, कारण तिथले सील म्हणजे रबर नसून पिस्टन रिंगेसारखी धातूची बारीक कडी असतात. रिंगांच्या फटीतून थोडा वायू धडधाकट इंजिनातही खाली उतरतोच, बूस्टमध्ये तो वाढतो, आणि ८ मिमीच्या तेलकट नळीतून तो वेळेत बाहेर पडू शकत नाही. माझा टर्बो दोन्ही वेळा निर्दोष होता.

आता मी टॅपेट कव्हरपासून कॅनपर्यंत १९ मिमीची तेल सोसणारी नळी घेतली आहे आणि कॅनमधून तेवढीच नळी एअर फिल्टर आणि टर्बो यांच्यामधल्या पाइपला जोडली आहे, म्हणजे बूस्टमध्ये टर्बोच वायू ओढून घेतो. पीसीव्ही पुन्हा सुरू केला, फक्त मॅनिफोल्डचा दाब उलटा चेंबरमध्ये शिरू नये म्हणून त्याच्यापुढे ब्रेक बूस्टरचा एनआरव्ही (एकाच दिशेने वाट देणारी झडप) टाकला. त्याच चढावर फरक आता ३ सेंमी येतो.

मेहुण्यांचे कायद्याबद्दलचे म्हणणे अर्धे खरे आहे. कॅलिफोर्नियात १९६१च्या मॉडेलपासून पीसीव्ही आला तो धुरक्यामुळेच (स्मॉग). पण त्याआधीच्या गाड्यांतही हा वायू बाहेर काढायला खाली रस्त्याकडे तोंड केलेली नळी असेच, कारण तो आत राहिला तर त्यातली वाफ आणि पेट्रोल तेलात मिसळतात. पावसाळ्यात तेलाचे झाकण उघडून पाहा. आतल्या बाजूला दुधाच्या चहावरच्या सायीसारखा थर दिसला तर तुमच्या इंजिनाचा श्वास कोंडला असण्याची शक्यता आहे.

कॅनच्या लिटरांना मी फारसे महत्त्व देत नाही. रस्त्यावरच्या गाडीला अर्धा लिटर पुरतो. स्पर्धेत उतरणार असाल तर एफआयएच्या (मोटार स्पर्धांच्या जागतिक संघटनेच्या) नियमांत २००० सीसीपर्यंत किमान २ लिटर सांगितला आहे. आत आडपडदे आणि जाळी नसलेला चकचकीत डबा मात्र घेऊ नका, त्यात तेल एका तोंडाने येते आणि दुसऱ्याने निघून जाते. तेच तेल सिलिंडरमध्ये गेले की पेट्रोलची ऑक्टेन घटते आणि बूस्टमध्ये इंजिन ठोकू लागते.

हे सगळे रिंगा शाबूत आहेत असे गृहीत धरून लिहिले आहे. आधी कॉम्प्रेशन तपासा, नाहीतर मेहुणेच बरोबर ठरतील. ज्या गाड्यांत आत येणारी हवा मोजणारा सेन्सर असतो, तिथे परतीची नळी त्या सेन्सरनंतरच जोडावी लागते. कॅन पावसाळ्यात दर आठवड्याला रिकामा करा. आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली टर्बो बसवणे हाच मुळात फेरफार ठरतो, त्याचे काय करायचे ते तुमचे तुम्ही पाहा.