49 पैकी 49 जिंकूनही मार्सियानो अलीच्या मागे का?

तुम्ही विचारलंय, की रॉकी मार्सियानो 49 लढती लढला आणि एकही हरला नाही, मोहम्मद अली मात्र पाचदा हरला, मग सर्वांत मोठा हेवीवेट (सर्वांत वरच्या वजनगटातला) बॉक्सर मार्सियानोच ना? माझ्या मते अली मोठा. पण असं म्हणताना मार्सियानोला हलकं लेखायचं नाही.

अलीचे पाच पराभव कधीचे आहेत ते बघा. 1971 मध्ये फ्रेझर, 1973 मध्ये नॉर्टन. बाकीचे तीन (स्पिंक्स, होम्स, बर्बिक) 1978 ते 1981 मधले, म्हणजे वयाच्या 36 पासून 39 पर्यंतचे. होम्सविरुद्धची लढत मी एकदाच पाहिली, पुन्हा बघवली नाही. हात उचलत नव्हते त्याचे. मार्सियानो 32 व्या वर्षी निवृत्त झाला. अली 33 व्या वर्षी, मनिलात फ्रेझरला हरवून थांबला असता, तर त्याच्या नावावर किती विजय असते? बरोबर 49, आणि पराभव दोन. आणि फ्रेझर, नॉर्टन या दोघांनाही त्याने पराभवानंतर दोन-दोनदा हरवलं. शिवाय ऐन उमेदीची, 25 ते 28 या वयातली साडेतीन वर्षं सैन्यभरतीला नकार दिल्यामुळे त्याच्याकडून हिरावली गेली, ती वेगळीच.

आता समोर कोण होतं ते बघा. मार्सियानोने 1951 मध्ये जो लुईला पाडलं तेव्हा लुई 37 वर्षांचा होता. वॉलकॉट 38 चा, आर्ची मूर चाळिशीला टेकलेला. अलीने किन्शासात हरवलेला फोरमन 25 वर्षांचा होता, 40 पैकी 40 लढती जिंकलेला, त्यातल्या 37 नॉकआउटने! नुसते आकडेच बघितले असते, तर त्या रात्री अलीच्या बाजूने कोण उभं राहिलं असतं?

आकड्यांनी सगळ्यात जास्त फसगत होते ती इथेच. फोरमनने फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळा खाली पाडलं, नॉर्टनलाही दोनच फेऱ्यांत संपवलं. याच दोघांनी अलीला हरवलं होतं. मग फोरमन अलीला चिरडणार हे उघडच नाही का? नाही, कारण बॉक्सिंगमध्ये शैलीला शैली भिडते. नॉर्टन पुढे सरकत लढणारा. अलीच्या जॅबची (पुढच्या हाताच्या झटपट सरळ ठोशाची) वेळ त्याला अचूक सापडायची, म्हणून अलीविरुद्धच्या त्याच्या तिन्ही लढती अटीतटीच्या झाल्या. पण त्याला मागे रेटलं की त्याचा खेळ संपायचा, आणि रेटण्यात फोरमनचा हात धरणारा कोणी नव्हता. फ्रेझर वाकून सरळ आत घुसायचा, तो फोरमनच्या वरच्या दिशेने येणाऱ्या ठोशांच्या वाटेतच यायचा. अली दोरांना टेकून राहिला, हातांवर ठोसे झेलत राहिला, अधूनमधून चेहऱ्यावर सरळ उजवा देत राहिला. फोरमन स्वतःच्याच ताकदीने दमला आणि आठव्या फेरीत कोसळला.

मार्सियानोची खरी थोरवीही मला शून्य पराभवांच्या त्या आकड्यात दिसत नाही. ती 1952 मध्ये फिलाडेल्फियात झालेल्या वॉलकॉटविरुद्धच्या जगज्जेतेपदाच्या लढतीत दिसते. वॉलकॉटने त्याला पहिल्याच फेरीत खाली पाडलं. कारकिर्दीत पहिल्यांदाच. बारा फेऱ्यांनंतर तो तिन्ही पंचांच्या गुणपत्रिकेत मागे होता. तेराव्या फेरीत आखूड, उजव्या हाताचा एकच ठोसा, आणि वॉलकॉट दोराला लटकत खाली आला. 1954 मध्ये माजी जगज्जेत्या एझर्ड चार्ल्सविरुद्ध मार्सियानोचं नाक चिरलं गेलं, रक्त थांबेना, तरी आठव्या फेरीत त्याने लढत संपवली. असा दम फार थोड्यांच्या अंगी असतो.

दोघे ऐन भरात समोरासमोर आले असते तर? मार्सियानो जेमतेम 85 किलोचा, हातांचा पल्ला अलीपेक्षा जवळपास दहा इंचांनी कमी. फ्रेझरसारखा तो अलीच्या बरगड्यांना नक्कीच त्रास देता. पण त्याची कातडी लवकर फाटायची आणि अलीचा जॅब सुरीसारखा होता. पंधरा फेऱ्यांत कधीतरी जखमांमुळे लढत थांबली असती, असं मला वाटतं.

खात्री करायची असेल तर 1966 ची क्लीव्हलँड विल्यम्सविरुद्धची लढत बघा. तीनच फेऱ्या आहेत. बघताना अलीच्या हातांकडे नको, पायांकडे लक्ष ठेवा.