टेबल बदलताना घाई नको

अरे, कसिनोतल्या ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या खेळात हाय-लो मोजणं (निघालेल्या लहान-मोठ्या पत्त्यांचा मनात हिशेब ठेवणं) तुला जमलंय, पण टेबलावरून उठायची वेळ चुकतेय. लास वेगासला सहा डेकच्या (पत्त्यांच्या कॅटांच्या) शूमधले, म्हणजे पत्ते ठेवायच्या डब्यातले, दोनेक डेक संपले आणि ट्रू काउंट (उरलेल्या डेकांनी भागलेली मोजणी) उणे दोनवर आला, म्हणजे उरलेले पत्ते तुझ्या विरुद्ध गेले, की निघ. पण हातातला डाव पूर्ण कर, फोन आल्यासारखं कर, डीलरला टिप ठेव आणि सावकाश ऊठ. लगेच शेजारच्या टेबलावर मात्र बसू नकोस! एका पिटमधली (टेबलांच्या गटातली) टेबलं एकाच पिट बॉसच्या, म्हणजे तिथल्या देखरेख करणाऱ्याच्या, नजरेत असतात. कॉफी घे, मग लांबच्या पिटमध्ये जा.

मी सुरुवातीला पाऊण तासात चार टेबलं फिरलो, तेही प्रत्येक ठिकाणी काउंट चढल्यावरच बसून. मागून कसिनोच्या माणसाचा आवाज आला, "सर, ब्लॅकजॅक सोडून काहीही खेळा." चिप्स गोळा करताना बोटं थरथरत होती.

नुसत्या डोक्याने मोजणं नेवाडात (लास वेगासच्या राज्यात) गुन्हा नाही, पण कसिनो तुला बाहेर काढू शकतो. न्यू जर्सीत १९८२च्या कोर्टाच्या निकालामुळे तसं काढता येत नाही. त्याऐवजी तिथे मोजणी बिघडवायला पत्ते लवकर पिसतात. आणि मोबाइलवर मोजायचा विचारही करू नकोस, नेवाडात तो गंभीर गुन्हा आहे, तुरुंगही होऊ शकतो.